कुटुंब-गट

"हा डबा मी सोमवारीच पाहिलाय," मी म्हणाले. "लूपेनं आणला होता. तुझ्याकडे कसा आला?"

गुरुवारच्या वर्गाची चहाची सुट्टी होती. सेमिसीनं निळ्या झाकणाचा भलामोठा डबा टेबलावर उघडून ठेवला होता. आत अळूची पानं, आणि त्यांत मांस नि नारळाचं दूध गुंडाळून भाजलेलं. वासानंच पोटात कावळे ओरडायला लागले. टोंगाच्या बेटांवरची ही माणसं वर्गात कधी रिकाम्या हातानं यायची नाहीत. आणतील तेही चौघांसाठी म्हणून, पण दहाजण जेवतील एवढं.

"आमच्या घरचाच डबा आहे," सेमिसी म्हणाला.

"म्हणजे लूपे तुझी कोण?"

"बहीण."

"सख्खी?"

तो जरा विचारात पडला. हा प्रश्न त्याला कुणी विचारला नसावा. "तिचे वडील माझ्या आईचे भाऊ."

"अग्गोबाई! मामाची मुलगी!" मला भारीच गंमत वाटली. "अरे, आमच्या मिरजेकडे जन्मला असतास तर पाळण्यातच तुमचं लग्न ठरवलं असतं. मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, माहितेय?"

मी एकटीच हसत होते. बाकी सगळे खाली बघायला लागले. सेमिसीनं कप खाली ठेवला. सहा फुटांचा, दाराएवढा रुंद माणूस. तो उठला आणि दार हळूच ओढून घेऊन बाहेर गेला.

"आता काय झालं?" मी विचारलं.

"इकडे ये पोरी, बस," नायरीमावशी म्हणाली.

नायरी माझीच विद्यार्थिनी, साठीची, माओरी, म्हणजे इथल्या मूळ लोकांतली. मावशी मीच म्हणायचे तिला, आणि तिला ते आवडायचं. वर्ग माझा असला तरी वर्गावर वचक तिचा. मी पहिल्याच आठवड्यात टेबलाच्या कडेवर टेकून शिकवायला लागले तेव्हा तिनंच मला उठवलं होतं. "तिथं आपण खातो," एवढंच म्हणाली होती. आमच्या घरी तरी ताट ठेवायच्या जागी कोण बुड टेकतं? पण परदेशात येऊन माणूस आपलंही विसरतं.

"त्यांच्यात मामाची, मावशीची, काकाची अशी भावंडं वेगळी काढत नाहीत," ती म्हणाली. "सगळे भाऊ, सगळ्या बहिणी. आणि भावानं बहिणीची अदब राखायची. एका खोलीत बसून टीव्हीसुद्धा बघत नाहीत, मध्येच काही भलतंसलतं आलं तर काय घ्या. अंगाचं, कपड्यांचं, बायकांच्या दुखण्याखुपण्याचं, यातलं अक्षर दोघं हजर असताना काढायचं नाही. त्यांनी तर नाहीच, तिसऱ्यानंही नाही. तो त्यांच्या घरी राहतो ना, पण झोपायला गॅरेजमध्ये."

"आणि आपला शुश्रूषेचा कोर्स म्हणजे नुसतं अंगच!"

"म्हणून ती सोमवारी येते आणि तो गुरुवारी. तुला काय वाटलं?"

मला वाटलं होतं, ड्युटीमुळे. पण हे कळायला मला अवघड मुळीच नव्हतं. माझी थोरली आत्या तिच्या भासऱ्यांसमोर जन्मात उभी राहिली नाही. ते जेवायला बसले की ती दाराआडून वाढणारीला खुणा करायची. भासरे वारले तेव्हा ती म्हणाली होती, त्यांचा चेहरा मी आज पहिल्यांदा नीट पाहिला.

मी धावत बाहेर गेले. सेमिसी पायरीवर बसला होता. मी म्हटलं, "चुकलं बाबा माझं. जीभच वळवळते मेली."

"तुम्हाला काय माहीत, मिस." तो हसला. "फक्त लूपेला सांगू नका, तुम्ही काय म्हणालात ते."

"मेले तरी नाही सांगणार."

मी मूळची मिरजेची. उमेदीची सगळी वर्षं तिथल्या दवाखान्यांत सिस्टर म्हणून काढली. नवऱ्याच्या नोकरीपायी ऑकलंडला आले तर इथं माझं शिक्षण कुणी विचारात घेईना. मग शहराच्या दक्षिण भागातल्या एका लहानशा संस्थेत केअरगिव्हरचा कोर्स शिकवायला लागले. वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांचं न्हाऊमाखू, बेडपॅन, पाठीच्या जखमा, हे सगळं. शिकायला येणारी मोठी माणसं, माओरी, सामोअन, टोंगन. शाळेत असताना कुणीतरी त्यांना एकदा ढ म्हटलेलं आणि ते त्यांनी खरं मानलेलं. मी म्हणायचे, अरे, ज्यानं आजीची सेवा केलीय त्याला मी काय शिकवणार डोंबल? नुसती नावं शिकवते.

आणि सेमिसी! इतका हलका हात मी मिरजेतसुद्धा पाहिला नाही. एका वृद्धाश्रमात तो तात्पुरता लागला होता. तिथं एक गोरा म्हातारा होता, जवळ येईल त्याला बुक्के मारायचा. तो फक्त सेमिसीकडून दाढी करून घ्यायचा. मेट्रननं त्याला सांगून ठेवलं होतं, महिनाअखेरीपर्यंत सर्टिफिकेट आण, जागा तुझी. पक्की नोकरी मिळाली की त्याचा इथं राहायचा परवाना वाढणार होता. आणि परवाना वाढला की बायको आणि दोन मुली टोंगातल्या व्हावाऊ बेटावरून इकडे येणार होत्या. धाकटीला त्यानं फोनवरच बोलायला शिकवलं होतं. नाही आणलं सर्टिफिकेट, तर त्यानंच परत जायचं.

"पलंग घेतलेत दोन," त्यानं मला त्याच दिवशी पायरीवर सांगितलं. "छोटे. गॅरेजमध्ये ठेवलेत."

"अरे, आधी पास तर हो!"

"तुम्ही शिकवताय ना, मिस."

आमची प्रमुख जिलियन. ती मनानं वाईट नव्हती, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही तिला कैदाशीण समजाल. गळ्यात हिरव्या दगडाचं माओरी पदक घालायची, बोलायला सुरुवात 'किया ओरा' या माओरी नमस्कारानं करायची. प्रत्येक विद्यार्थ्याचं नाव घरी घोकून यायची. माझं हेमलता हे नाव न तोडता घेणारी त्या इमारतीत ती एकटीच. दर बैठकीला स्वतःच्या हातचा केक आणायची, आणि केक चांगला असायचा.

परीक्षेच्या आधीच्या बैठकीत ती म्हणाली, "आपले विद्यार्थी एकेकटे शिकत नाहीत. ते कुटुंबात शिकतात. मग परीक्षा आपण एकेकट्याची का घेतो?"

यात खोटं काय होतं? मीसुद्धा मान डोलावली.

"या वेळी प्रात्यक्षिक परीक्षा कुटुंब-गटांत. नात्यातली दोन माणसं, एक पलंग, एकमेकांना धीर देत." आणि तिनं पडद्यावर जोड्या दाखवल्या. मायलेकी, दोघी जावा, नायरी आणि तिची भाची. शेवटची जोडी, लूपे आणि सेमिसी.

मी केकची ताटली खाली ठेवली. "जिलियन, ही जोडी नको."

"का गं?"

"भाऊ-बहीण आहेत ते."

"कझिन आहेत," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "मी खात्री करून घेतलीय. टोंगन भावाबहिणींचं मला माहीत आहे, हेमलता, मी त्यावर वाचलंय. सख्खे असते तर मीच वेगळं बसवलं असतं."

"त्यांच्यात कझिन असं काही नसतंच."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"नायरीनं."

"नायरी माओरी आहे." जिलियननं आवाज आणखी मऊ केला. "टोंगन माणसांच्या वतीनं माओरी बाईनं बोलायचं, आणि तिच्या वतीनं तू, हे मला बरं वाटत नाही. त्यांचा आवाज त्यांचाच असायला हवा. त्यांनी स्वतः येऊन सांगावं. माझं दार उघडं आहे."

"अगं, जे बोलायचंच नसतं ते येऊन बोलतील कसे?"

"मग आपण गृहीत धरतोय. आणि गृहीत धरणं हीच तर जुनी चूक आहे."

बाकीचे आपापल्या ताटलीत बघत होते. इतकं सभ्य, इतकं बिनतोड बोलणं ऐकलं की माझं तर डोकंच बधिर होतं. भांडणारी बाई परवडली, तिच्याशी भांडता तरी येतं.

मी सेमिसीला गाठलं. "जा तिच्याकडे. सांग."

"काय सांगू?"

"हेच. की तुला लूपेबरोबर जमणार नाही."

"ती विचारेल, का. मग मी म्हणायचं की लूपे आणि मी एका खोलीत, आणि समोर बाईचं..." तो थांबला. कान लाल झाले होते. "बघा, मिस. तुमच्यासमोरसुद्धा निघत नाही."

"मग त्या दिवशी आजारी पड."

"पुढची परीक्षा केव्हा?"

पुढची परीक्षा पार उन्हाळा संपल्यावर होती. मेट्रन तोवर थांबणार नव्हती, परवाना तर नाहीच नाही.

लूपेलाही विचारलं. ती ऑफिसांची झाडलोट करून सोमवारी माझ्या वर्गाला यायची, सोमवारच्या वर्गातली सगळ्यात हुशार बाई. तिनं खाली बघून नुसतं एवढंच म्हटलं, "देव बघेल."

देव बघेल तेव्हा बघेल, म्हटलं, तोवर आपण बघू. मी आणि नायरीनं ठरवलं. ऐनवेळी नायरीनं एप्रन बांधून लूपेबरोबर आत शिरायचं आणि सेमिसीला तिच्या भाचीबरोबर पाठवायचं. एकदा काम सुरू झालं की जिलियन कशाला मोडता घालेल?

परीक्षेच्या दिवशी नायरीनं प्रार्थना म्हटली, सगळ्यांनी गाणं म्हटलं. टेबलावर ही रास खाण्याची. जिलियनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खरंच आलं होतं. मग तिनं पहिलं नाव पुकारलं, नायरीचं, आणि नायरी लूपेचा हात धरून पुढे झाली.

"मी हिच्याबरोबर करते. सेमिसीला माझी भाची आहे."

"नायरी, तुझी भाची तर तुझ्या गटात आहे ना?" जिलियन हसून म्हणाली.

"मला हिच्याबरोबर करायचंय."

"तुझ्या मनाचा मोठेपणा मला कळतो. पण लूपेला तिच्या माणसाचा आधार मिळायला नको का?" आणि तिनं सेमिसीला जवळ बोलावलं. "चला, तुम्ही दोघं आधी."

नायरी माझ्याकडे बघत राहिली. मी पुढे झाले, तोवर ती दोघं आत गेली होती.

खोलीत पलंग होता, त्यावर चादर पांघरलेला रबरी पुतळा, बाईचा. शिकवणारीनं हजर राहायचं असा नियम म्हणून मी भिंतीला. जिलियन पलंगाच्या पायथ्याशी. लूपे डाव्या बाजूला, सेमिसी उजव्या. तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला आणि न बघता तिच्या हातात टॉवेल देत गेला. तिनं पुतळ्याचा चेहरा पुसला. हात पुसले, बोटांच्या बेचक्यासुद्धा. सगळं नीट चाललं होतं. माझ्या मनात आलं, निभावतंय बहुतेक.

"सुरेख," जिलियन म्हणाली. "आता कमरेखालचं. लूपे, बोलत बोलत कर. बाई अंथरुणाला खिळलेली आहे, लघवीची नळी आहे. काय बघशील, कसं पुसशील, आणि सेमिसीला काय धरायला सांगशील?"

लूपेचा हात चादरीवर थांबला.

"घाई नाही," जिलियन म्हणाली. "घरचंच माणूस आहे."

लूपे बोलेना. सेमिसीची मान खिडकीकडे होती, पण मानेवरून घामाचा ओघळ उतरताना मला दिसत होता. मला राहवेना. "जिलियन, त्याला बाहेर पाठव, नाहीतर मला विचार, पण हे थांबव."

"हेमलता, प्लीज. शिक्षक मध्ये बोलला तर दोघांचीही परीक्षा रद्द होते. तुला ते हवंय का?"

मी गप्प बसले. बसावंच लागलं. महिनाअखेर तोंडावर आलेली.

तेवढ्यात जिलियन पुढे आली आणि मदत करावी म्हणून तिनंच पुतळ्यावरची चादर बाजूला केली. लूपेनं तोंड भिंतीकडे फिरवलं. सेमिसीनं टॉवेल स्टुलावर ठेवला. पलंगाकडे पाठ केली, आणि कमरेत जवळजवळ दुमडून, आपल्याकडे थोरांसमोरून जाताना वाकतात तसा वाकून तो दाराशी गेला.

"माफ करा," तो दाराकडे बघून म्हणाला. "मला हे काम आवडत नाही. मी कोर्स सोडतो."

दार लागलं. लूपेनं क्षणभर डोळे मिटले. मग वळली, चादर सारखी केली, जेवढी उघडी हवी तेवढीच ठेवली, आणि बोलायला लागली. पुढून मागे पुसायचं, दरवेळी फडक्याची नवी बाजू. नळी कुठं धरायची, पिशवी कमरेच्या खाली का ठेवायची, कातडी लाल दिसली तर कुणाला सांगायचं, आणि बाईला आधी विचारायचं, विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. एक शब्द चुकली नाही. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, हनुवटीवरून एप्रनवर पडत होत्या, पण हात हलला नाही.

"अप्रतिम!" जिलियन म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "बघितलंस? थोडा धीर दिला की बोलतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कसं आवरलं स्वतःला, माझं मला माहीत.

त्याच दुपारी मी तिच्या उघड्या दारातून आत गेले आणि सगळं स्वच्छ सांगितलं. तो का गेला, कशासाठी गेला. तो गेला नसता तर ती बोललीच नसती आणि दोघंही नापास झाली असती, हेही सांगितलं. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. ऐकणं तिला फार छान यायचं.

"मला वाईट वाटतंय," ती म्हणाली. "पण तो स्वतः म्हणाला, काम आवडत नाही. एका मोठ्या माणसाचा निर्णय मी खोटा ठरवू? अर्थात अपील करता येईल."

"करू ना मग! काय करायला लागेल?"

"आपण ती पद्धतही बदललीय. अर्ज नाही, वकिली भाषा नाही. कुटुंब-बैठक घ्यायची. तो, लूपे, घरातली वडीलधारी. नायरी प्रार्थना म्हणेल. सगळे गोल बसू, आणि खोलीत काय झालं ते दोघं समोरासमोर मोकळेपणानं सांगतील."

हसू की रडू, कळेना. "जिलियन, तू ऐकलंस का गं मी आत्ता काय बोलले?"

"शब्दन् शब्द," ती म्हणाली, आणि तिला ते खरंच वाटत होतं.

संध्याकाळी मी सेमिसीकडे गेले. गॅरेजमध्ये एका भिंतीला त्याची गादी, दुसऱ्या भिंतीला दोन छोटे पलंग, प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. बैठकीचं मी सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "नको, मिस."

"तू फक्त येऊन बस. बोलेन मी."

"तुम्ही बोललात तरी ती तिथं असेल. आणि मीही. आणि तिचे वडील." त्यानं मान हलवली. "लूपे पास झाली ना?"

"झाली."

"मग झालं."

"काय झालं? डोंबल झालं! तुझ्या पोरींचं काय रे? त्यांना काय सांगणार आहेस?"

"काम आवडलं नाही म्हणेन."

"खोटारड्या! त्या म्हाताऱ्याची दाढी करताना गाणी म्हणायचास तू, मेट्रननं सांगितलंय मला. भांड ना जरा! एवढा मोठा देह दिलाय देवानं, तो काय नुसता वाकायला?"

मी फार बोलले. सगळा राग जिलियनवरचा, आणि काढला त्याच्यावर. तो रागावला नाही. पलंगावरच्या प्लास्टिकची सुटलेली कड नखानं दाबत राहिला आणि मग तसाच, बसल्याजागी, तोंड फिरवून रडायला लागला. मोठ्यानं नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मीही रडले. बाहेर अंगणात लूपे दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. ती गॅरेजच्या दाराकडे फिरकली नाही.

मेट्रन चांगली बाई होती. तिनं महिना संपल्यावरही काही दिवस वाट पाहिली. पण म्हाताऱ्यांना अंघोळी कुणी घालायच्या? तिनं संस्थेला कळवलं, दुसरं कुणी तरी पाठवा. आणि संस्थेनं परीक्षेत पहिली आलेली पाठवली. लूपे.

लूपे सोमवारी माझ्याकडे आली. वर्ग संपला होता, तरी आली. "मी ती जागा नाही घेणार."

"त्याला विचारलंस?"

"मी कशी विचारणार? आईनं विचारलं." तिनं ओठ दाबून धरले. "तो म्हणाला, लूपेला सांग, घे. म्हणाला, म्हातारा डाव्या गालावर हळवा आहे, तिथं वस्तरा हलका धर."

तिनं जागा घेतली. न घेऊन त्याला तरी काय मिळणार होतं? पहिल्याच आठवड्यात मला रस्त्यात भेटली, तर मनगटावर हा मोठा काळानिळा डाग. "मला जवळ येऊ देत नाही," ती म्हणाली. "रोज विचारतो, तो कुठंय. मी सांगते, येईल."

सेमिसी गेला त्या सकाळी विमानतळावर मीच त्याला सोडलं. लूपे नव्हती, तिची ड्युटी होती, त्याचीच ड्युटी. पलंगांचं काय केलंस, मी विचारलं. चर्चमध्ये एकांना दिले म्हणाला. मग मला म्हणाला, "मिस, तुमच्या मिरजेत भावानं बहिणीसाठी काय करायचं असतं?"

"करतात रे, काय काय करतात," मी म्हटलं. "पण कुणी करायला लावत नाही असं."

तो मान वाकवून माझ्या पाया पडल्यासारखं करून आत गेला. ते त्यांच्यात नाही, माझ्यासाठी केलं त्यानं. तो मला दिसला तो शेवटचा. आज इतकी वर्षं झाली, त्याच्या पोरी आता बापासारख्या मोठ्या झाल्या असतील. दोघींपैकी एकही ऑकलंडला आली नाही, एवढं मला लूपेकडून माहीत आहे.

विमानतळावरून मी थेट बैठकीला गेले. जिलियननं केक आणला होता, गाजराचा. कुटुंब-गटांचा निकाल सांगायचा होता. मायलेकी पास, दोघी जावा पास, नायरी आणि तिची भाची पास. इतका चांगला निकाल संस्थेत कधीच लागला नव्हता, आणि पुढच्या वर्षीही हीच पद्धत राहणार होती.

"एकच उमेदवार गळला," ती म्हणाली. "सेमिसी. मला त्याची फार हळहळ वाटते. पण बघा ना किती सुंदर आहे, ज्या वृद्धाश्रमात तो लागणार होता तिथं लूपे लागली. जागा कुटुंबातच राहिली!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी उठून उभी राहिले. इंग्रजीतला एकही शब्द आठवेना. मग आमच्या मिरजेच्या मराठीत, तिच्या डोळ्यांत बघून, सावकाश म्हणाले, "तुझ्या या कुटुंब-गटाचं तळपट होवो, सटवे. त्या पोरी तिकडं बापाच्या विमानाची वाट बघतायत, आणि तू इथं केक कापतेस."

जिलियननं छातीवर हात ठेवला. तिचे डोळे भरून आले होते.

"तू आज पहिल्यांदा तुझ्या भाषेत बोललीस," ती म्हणाली. "अर्थ नाही कळला, पण पोचलं." आणि दोन्ही हात जोडून, मान लववून, अगदी शुद्ध उच्चारात म्हणाली, "नमस्ते, हेमलता."